यात्रा वन : पाटीवर ठसठशीत उभे राहणारे अक्षर

दुकानाच्या पाटीसाठी फॉन्ट निवडताना माझी कसोटी एकच असते : भर उन्हात, रस्त्याच्या पलीकडून, दुचाकीवरून जाणाऱ्यालाही ते नाव एका नजरेत वाचता आले पाहिजे. लातूरमध्ये पाट्या, बारदान्यावरचे छाप आणि कार्यक्रमपत्रिका करून देण्याच्या कामात गेली दोन वर्षे मी ‘यात्रा वन’ हा फॉन्ट वापरते आहे. मोठ्या, मोजक्या शब्दांसाठी मोफत मिळणाऱ्या देवनागरी फॉन्टांत मला तो सर्वांत जास्त भरवशाचा वाटतो.

कॅथरीन ली श्मिट यांनी रेखाटलेल्या या फॉन्टमागची प्रेरणा मुंबईच्या लोकल रेल्वेवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांची आहे, आणि ती नुसती सांगण्यापुरती नाही. चपट्या ब्रशने अक्षर काढताना ब्रशचा कोन न बदलता हात वळला की रेघ आपोआप जाड-बारीक होत जाते. तोच चढउतार इथे प्रत्येक अक्षरात दिसतो. शिरोरेषा भक्कम आहे. रेघांची टोके गुळगुळीत गोल केलेली नाहीत, तर ब्रश उचलताना राहतो तसा तिरका, धारदार काप त्यांना ठेवला आहे. संगणकावर सगळेच घासूनपुसून चकचकीत करण्याच्या आजच्या सवयीत हा राकटपणा मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यामुळेच अक्षराला वजन येते आणि पाटीवर ते छापल्यासारखे न दिसता रंगवल्यासारखे दिसते.

त्याची खरी परीक्षा झाली ती डाळीच्या बारदान्यावर. एका छोट्या डाळ उत्पादकासाठी तागाच्या पोत्यांवर ‘तूर डाळ’ आणि ‘हरभरा डाळ’ असे छाप स्क्रीन प्रिंटिंगने करायचे होते. तागाचा पोत खडबडीत असल्यामुळे शाई धाग्याधाग्याने पसरते, अक्षराची कड तुटते आणि नाजूक फॉन्ट पहिल्याच छापात ओळखेनासा होतो. ‘यात्रा वन’च्या जाड रेघांनी हे सगळे सहज पचवले, उलट कड जराशी फाटल्यावर ते अक्षर अधिकच शोभून दिसले. अडचण आली ती फक्त ‘भ’ची. ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक दुरून कळतो तो मुख्यतः शिरोरेषेतल्या खंडामुळे, आणि अक्षराची उंची 2 इंचांच्या खाली गेली की पसरलेल्या शाईने तो खंड बुजून ‘हरभरा’चा ‘हरमरा’ होऊ लागला. उंची 3 इंच केली आणि खंड हाताने थोडा रुंद करून घेतला, तेव्हा काम जमले. तागावर छापणाऱ्यांनी ‘भ’ आणि ‘ध’ ही दोन अक्षरे आधी एका पोत्यावर छापून पाहावीत.

तोच छाप मी आमच्या भागातील एका जुन्या पेंटरमामांना दाखवला. त्यांनी पोते उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, ‘‘ताई, हे अक्षर ब्रश धरणाऱ्याचंच वाटतंय. पण ‘हरभरा’तले दोन्ही ‘र’ अगदी सारखेच कसे? आम्ही दुसरा ‘र’ कान्याला जरा टेकवून घेतो.’’ त्यांचे निरीक्षण अचूक आहे, आणि या फॉन्टविषयी माझी सर्वांत मोठी तक्रारही हीच आहे. हाताच्या अक्षरात शेजार पाहून वळण बदलते, इथे ते बदलत नाही. म्हणून एकच अक्षर दोनदा येणाऱ्या नावात मी अक्षरांचे रूपांतर रेषाकृतीत, म्हणजे टंकलेल्या मजकुराऐवजी नुसत्या रेखाटलेल्या आकारांत, करून दुसऱ्या अक्षराला हाताने किंचित वेगळे वळण देते.

रोमन अक्षरे हा या फॉन्टचा दुर्लक्षित गुण आहे. ती देवनागरीच्याच ब्रशच्या कोनातून काढलेली असल्याने त्यांची जाडी नेहमीच्या रोमन अक्षरांच्या उलट बाजूला पडते, आणि दोन्ही लिपी एकाच हाताने रंगवल्यासारख्या शेजारी बसतात. महाराष्ट्रात 2022च्या कायदेदुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवरील मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान असून चालत नाहीत. तेव्हा दोन्ही ओळी एकाच वजनात मांडण्याची ही सोय उपयोगी पडते.

फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांसाठी ठरलेल्या समान अक्षर-संकेतांवर चालणारा आहे, आणि आपल्याकडच्या फ्लेक्सच्या दुकानांत घोळ होतो तो इथेच, कारण तेथील बहुतेक काम अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांवर चालते. हिंगोलीच्या एका दुकानाची पाटी मी मजकूर टंकलेलाच ठेवून, उघडी फाइल म्हणून पाठवली, आणि 10 फुटांच्या फ्लेक्सवर ‘हिंगोली’ची पहिली वेलांटी ‘ह’च्या आधी न येता नंतर छापून आली. चूक फॉन्टची नव्हती. त्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरला देवनागरीची जुळणी करता येत नव्हती. तेव्हापासून मी इंकस्केप या मोफत रेखाटन-सॉफ्टवेअरमध्ये मजकूर जुळवते, त्याचे रेषाकृतीत रूपांतर करते आणि पीडीएफच पाठवते. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत काम करणाऱ्यांनी मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडल्याशिवाय एक अक्षरही टंकू नये.

वजन मात्र एकच आहे. बारीक किंवा याहून जाड रूप मिळत नाही. परिच्छेदासाठी हा फॉन्ट मुळीच वापरू नये, चार ओळींतच डोळा थकतो. पत्ता, वेळ, फोन क्रमांक यांसाठी मी सोबत ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्ता’ हा फॉन्ट घेते. त्याची 7 वजने आहेत आणि तो ‘यात्रा वन’शी स्पर्धा करत नाही. मिठाईच्या दुकानासाठी गुबगुबीत ‘मोदक’ हा फॉन्ट अधिक गोड दिसेल, हे मान्य. पण आडत, कृषी सेवा केंद्र, तालीम, कुस्त्यांचा फड, यात्रेचे पत्रक अशा ठिकाणी मी डोळे झाकून ‘यात्रा वन’ निवडते. गूगल फॉन्ट्सवर तो मुक्त परवान्याने, व्यावसायिक वापरासह, विनामूल्य उपलब्ध आहे.