गॅसचा डिटेक्टर: प्लगला लावायचा की डायरेक्ट लाइन ओढायची?

गॅस गळतीचा डिटेक्टर घ्यायचा हे ठरलं की पुढचा प्रश्न येतोच, प्लगवाला घ्यावा की वायरमन बोलावून पक्की वायरिंग करून घ्यावी. मी दोन्ही वापरलेत. घरी अजून प्लगवालाच आहे, खानावळीत आधी प्लगवाला होता आणि गेली तीन वर्षं डायरेक्ट आहे, त्यामुळे जे बघितलं तेवढंच सांगतो.

प्लगवाला सोयीचा आहे यात वाद नाही. भाड्याच्या घरात टाइल्स फोडायला नकोत, घर बदललं की काढून न्यायचा, आणि चार-पाच वर्षांनी सेन्सर थकला की वायरमनची वाट न बघता आपणच नवा लावायचा.

अडचण जागेची होते. एलपीजी हवेच्या दीड ते दोन पट जड, तो खाली साचतो, म्हणून डिटेक्टर जमिनीपासून फूटभरावर पाहिजे आणि आपल्याकडे पॉइंट असतात ओट्याच्या वर. थेट सॉकेटमध्ये बसणारा घेतला तर तो छातीच्या उंचीवर जातो, वायरवाला घेतला तर वायर ओट्यावरून लोंबते आणि रोज ओली होते. पाइपच्या गॅसचं उलट, तो हलका, डिटेक्टर छताजवळ लागतो, पण तिथे पॉइंट असायला तर हवा.

तरीही एवढं मी चालवून घेतलं असतं. मला नकोसं झालं ते वेगळंच, प्लग निघतो. आमच्याकडे पहाटे साडेपाचला वाटण सुरू होतं, बोर्डवर मिक्सर, मग मोबाइल, मग कुणाचा तरी पंखा, आणि दरवेळी निघायची ती डिटेक्टरचीच पिन, कारण ती काढल्यावर कुणाचंच काम अडत नाही. कागद चिकटवला, सांगून झालं, दोन दिवस नीट आणि तिसऱ्या दिवशी पिन परत ओट्यावर. एकदा दुपारी ताटं वाढायच्या गडबडीत मावशी म्हणाल्या, "दादा, वास येतोय." नवीन सिलेंडर लावताना वायसर नीट बसला नव्हता, आणि डिटेक्टर गप्प, त्याच्या जागी चार्जर. सिलेंडर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या, सगळ्यांना बाहेर काढलं, निभावलं. पण त्या क्षणी लक्षात आलं की आता पिन परत खोचताही येत नाही, हवेत साधारण 2 टक्के गॅस झाला की ठिणगीसुद्धा पुरते, आणि खोचली असती तरी सेन्सर तापून कामाला लागायला काही मिनिटं जातातच. म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच तो उपयोगाचा नाही. चार्जरवाल्या पोराला मी काही बोललो नाही, पॉइंट दिसला की माणूस वापरणारच.

त्याच आठवड्यात डायरेक्ट करून घेतलं. स्वयंपाकघराबाहेरच्या डीबीतून, म्हणजे जिथून सगळ्या लाइन वाटल्या जातात त्या पेटीतून, वेगळा 6 अँपियरचा एमसीबी (लोड वाढला की आपोआप लाइन तोडणारा), लाइन इन्व्हर्टरवर, मध्ये कुठेही स्विच नाही. मिक्सरमुळे ट्रिप झालं तरी हा चालू, लाइट गेली तरी चालू. वायर, पाइप, मजुरी धरून मला अकराशे लागले. डिटेक्टर मात्र वायर जोडायच्या कनेक्टरचाच घ्या, प्लगवाल्याची पिन कापून जोडायचा उद्योग नको.

त्रास याचाही आहे. झुरळांचा स्प्रे मारला की बोंबलतो आणि पटकन काढता येत नाही, बाहेर जाऊन एमसीबी पाडायचा नाहीतर हवा खेळेपर्यंत ऐकत बसायचं. सेन्सर बदलायला पुन्हा वायरमन लागतो आणि तो सांगितल्या दिवशी येईल याची खात्री नाही.

घरात दोघंच असाल, खाली एखादा स्वतंत्र पॉइंट असेल जिथे कुणाचा हात जात नाही, तर प्लगवाला चालेल असं मला वाटतं, ज्याचं त्याने बघावं. पण जिथे चार हात एका बोर्डवर वावरतात तिथे मी तरी प्लगवर विसंबणार नाही. माझ्या घरी तो ओट्याखाली वेगळ्या पॉइंटला आहे, तरी पाहुणे येऊन गेले की रात्री वाकून हिरवा दिवा बघतो. दिवाळीआधी रंगकाम काढलंय, तेव्हा तोही डायरेक्ट करायचा म्हणून वायरमनला आत्ताच सांगून ठेवलंय.