तापमान उतरलं म्हणून लगेच बिल भरू नका

कॉम्प्युटर तापतो म्हणून दुरुस्तीला दिला. परत घेताना स्क्रीनवर ९५ चे ६२ अंश झालेले दाखवले, बिलात ‘इम्पोर्टेड पेस्ट’ (प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये लावायचा, उष्णता वाहून नेणारा लेप) आणि ‘हेवी कूलर’ लागला. घरी आल्यावर मात्र व्हिडिओ एक्स्पोर्ट व्हायला पूर्वीच्या दीडपट वेळ लागू लागला. अशा तक्रारीत सगळ्यात आधी एका लबाडीचा संशय घ्यावा. ती करायला स्क्रूड्रायव्हरसुद्धा हातात धरावा लागत नाही.

विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा, तिथून ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, मग प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट. त्यात ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ नावाची एक ओळ असते. तिथला १०० चा आकडा ९९ केला की टर्बो, म्हणजे गरज पडली की प्रोसेसरने मूळ वेगाच्या वर जाण्याची सोय, बंद पडते. कोअर आय५-१२४०० चं उदाहरण घ्या. त्याचा मूळ वेग २.५ गिगाहर्ट्झ आणि टर्बोचा कमाल वेग ४.४. टर्बो गेला की प्रोसेसर अडीचच्या आसपासच घुटमळतो. वेगाबरोबर व्होल्टेजही उतरतं, त्यामुळे उष्णता वेगाच्या प्रमाणापेक्षाही जास्त घटते. धूळ तशीच, वाळलेली पेस्ट तशीच, आणि आकडा मात्र छान. काही मशीनवर ही ओळ दिसत नाही. तिथे हेच काम बायोसमधून, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमधून होतं: इंटेलवर टर्बो बूस्ट, एएमडीवर कोअर परफॉर्मन्स बूस्ट बंद करायचा, किंवा पॉवर लिमिट, म्हणजे प्रोसेसरला किती वॅट वीज घेऊ द्यायची ती मर्यादा, खाली ओढायची. १२४०० साठी इंटेलने ठरवलेले आकडे मूळ वेगाला ६५ आणि टर्बोत कमाल ११७ वॅट आहेत, ते बायोसमध्ये ताडून पाहा.

पॉवर लिमिट कमी करणं मुळात वाईट नाही. छोट्या कॅबिनेटमध्ये तो चांगला उपाय आहे. पण तो मालकाला सांगून करायचा असतो, आणि त्याचे पैसे कूलरच्या नावाने घ्यायचे नसतात.

हे पकडायचं तर नुसतं तापमान पाहू नका. एचडब्ल्यूइन्फो हे मशीनचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा आणि तापमान, कोअरचा वेग, पॅकेज पॉवर (प्रोसेसर खात असलेली वीज) या तीन ओळी एकाच वेळी वाचा. मशीन देण्याआधी सिनेबेंच ही प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून स्कोअर देणारी चाचणी दहा मिनिटं चालवा. या तीन ओळी, स्कोअर आणि खोलीचं तापमान लिहून ठेवा. परत घेताना तीच चाचणी समोर चालवायला लावा. तापमान उतरलं आणि स्कोअर टिकला किंवा वाढला, तर काम खरं झालंय. तिन्ही आकडे आणि स्कोअर एकत्रच खाली आले, तर तुमच्या प्रोसेसरचा गळा आवळून दिलाय.

खरा दोष अनेकदा फुटकळ असतो. इंटेलच्या डब्यातल्या कूलरला चार पुश-पिन असतात. त्यातली एक जरी अर्धवट बसली तरी कूलरचा तळ एका कोपऱ्यात उचलला जातो, मध्ये हवेची फट राहते, आणि काही काम न करताही प्रोसेसर ७०-८० वर जातो. पिन समोरासमोरच्या जोडीने, तिरक्या क्रमाने दाबायच्या. प्रत्येकीचा ‘टक्’ आवाज यायला हवा. मग मदरबोर्डच्या मागून पाहा: पांढऱ्या पायाची दोन टोकं फाकलेली आणि मधून काळी पिन बाहेर आलेली चारही ठिकाणी दिसली पाहिजे. नवीन कूलर लावताना तळाची पारदर्शक फिल्म तशीच राहिल्याचे प्रकारही होतात. मग दोष कूलरवर ढकलून त्याहून मोठा कूलर गळ्यात मारतात.

पेस्टची फसवणूक वेगळी. लेबलवर वॅट प्रति मीटर-केल्विनचा, म्हणजे पेस्ट उष्णता किती चांगली वाहून नेते त्याचा आकडा वाट्टेल तो छापता येतो. साधी पांढरी सिलिकॉन ग्रीस एकच्या आसपास असते, आणि तीच चकचकीत सिरिंजमध्ये भरून विकली जाते. तेल वेगळं होऊन कडेला ओघळणं, काही महिन्यांतच वाळून भुकटी होणं ही तिची लक्षणं. आर्क्टिक कंपनीच्या एमएक्स-४ या पेस्टच्या इतक्या नकला निघाल्या की खरेपणा तपासायची सोय कंपनीलाच करावी लागली. चांगल्या पेस्टमध्ये आपापसात दोन-चार अंशांचाच फरक पडतो, तेव्हा ‘वीस अंश कमी करणारी पेस्ट’ हे ऐकलं की सावध व्हा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मध्यभागी चार-पाच मिलिमीटरचा थेंब पुरतो. लांबट प्रोसेसरवर एक बारीक रेघ ओढा. दर सहा महिन्यांनी बदलायला सांगणारा स्वतःचं गिऱ्हाईक जपतोय. चांगली पेस्ट काही वर्षं टिकते.

सर्वात महागात पडणारं वाक्य म्हणजे ‘उष्णतेने प्रोसेसर जळला’. आजचे प्रोसेसर मर्यादा गाठली की आपणहून वेग कमी करतात, आणि तरीही भागलं नाही तर मशीन बंद करतात. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरांत ही मर्यादा १०० अंशांची असते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले, नावाशेवटी एक्स असलेले अनेक प्रोसेसर तर पूर्ण भाराखाली ९५ पर्यंत जाण्यासाठीच बनवलेत. तो आकडा दाखवून कुणी घाबरवलं तर घाबरू नका. खरंच जळला असेल तर दुसऱ्या चालू मदरबोर्डवर लावून दाखवायला सांगा, आणि जुना प्रोसेसर मागून घ्या. तो द्यायला कां-कूं केली तर चालू प्रोसेसर काढून घेतला जातोय, असं धरून चाला.

मशीन देण्याआधी टास्क मॅनेजरमधल्या प्रोसेसरच्या नावाचा फोटो काढा आणि मूळ डबा जपून ठेवा. परत आलेल्या प्रोसेसरच्या झाकणावर कोरलेलं मॉडेल आणि बॅच क्रमांक डब्यावरच्या लेबलशी जुळवता येतो. झाकण पेस्टखाली लपलेलं असतं, म्हणून कूलर बसवण्याआधीच ते पाहायला मागा.