मराठी क्रीडा समालोचनाची कार्यशाळा: एक परीक्षण

क्रीडा समालोचनाकडे व्यवसाय म्हणून पाहणाऱ्यांसाठी पुण्यातील एका खासगी संस्थेने घेतलेल्या शनिवार-रविवारच्या मराठी कार्यशाळेत मी नुकताच सहभागी झालो होतो. जिओसिनेमाने २०२३ मध्ये आयपीएलचे समालोचन मराठीतही उपलब्ध करून दिल्यापासून आपणही त्या खुर्चीत बसावे असे अनेकांना वाटू लागले आहे. मात्र त्या चमूत केदार जाधव यांच्यासारखे खेळाडू होते आणि ते तर हंगाम चालू असतानाच बंगळूरच्या संघात बदली खेळाडू म्हणून दाखल झाले. जो स्वतः मोठ्या पातळीवर खेळलेला नाही, त्याने खेळाडूंसारखे विश्लेषण करू नये, धावते वर्णन अचूक करायला शिकावे, हे प्रशिक्षकांनी पहिल्याच सत्रात स्पष्ट सांगितले.

कार्यशाळेतील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे रेडिओचा सराव. बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून मराठी श्रोत्यांना केवळ शब्दांतून क्रिकेट दाखवले, ती परंपरा येथे कबड्डीवर पारखली जाते. चित्रमुद्रित सामन्याचा आवाज बंद करून एकाने वर्णन करायचे आणि पडद्याकडे पाठ करून बसलेल्या दुसऱ्याने ते ऐकून कागदावर गुण मांडायचे. चढाई तीस सेकंदांचीच असते. तेवढ्यात चढाईपटूचे नाव, तो कोणत्या कोपऱ्याकडे झुकला, समोर किमान सहा बचावपटू असल्याने बोनस मिळू शकतो का, आधीच्या दोन चढाया रिकाम्या गेल्याने या वेळी गुण अनिवार्य आहे का, हे सगळे सांगावे लागते. तिघांनी मिळून पकड केली आणि तुम्ही मैदानात बचावपटू किती उरले होते (तीन किंवा त्याहून कमी असतील तर पकडीचे दोन गुण मिळतात) हेच सांगितले नसेल, तर ऐकणारा दोनऐवजी एकच गुण लिहितो आणि चूक सर्वांसमोर उघडी पडते. त्यानंतर तीच चढाई दूरचित्रवाणीसाठी करताना यातील निम्मे शब्द गाळावे लागतात, कारण प्रेक्षकाला चित्र दिसतच असते. एरवी भरभरून बोलणाऱ्यांचीच येथे अधिक अडचण झाली.

कानात दिग्दर्शकाच्या सूचना येत असताना बोलणे अखंड ठेवण्याचा सराव मात्र फारच घाईत उरकण्यात आला. कबड्डी-खो-खोच्या स्पर्धा पुण्यात होत असूनही एकही सामना प्रत्यक्ष मैदानावरून करायला मिळाला नाही, हे मला अक्षम्य वाटते. जाहिरातीत वाहिन्यांमधील संधींचा उल्लेख होता. प्रत्यक्षात हाती प्रमाणपत्र आणि स्वतःच्या समालोचनाची ध्वनिफीत पडते. त्यांपैकी ध्वनिफीतच उपयोगी आहे, कारण कोणतीही वाहिनी आधी आवाजाचा नमुना मागणार. हे काम बहुतांशी हंगामापुरते आणि सामन्यागणिक मानधनावर असते, ही गोष्ट तर शेवटच्या तासाला कोणीतरी विचारली म्हणून सांगण्यात आली.

फी कमी नाही. आपल्याला हे काम जमेल का, एवढेच तपासायचे असेल तर केवळ रेडिओच्या सत्रांसाठीही ती देण्यास हरकत नाही. नोकरीच्या अपेक्षेने जाणाऱ्यांनी मात्र पुढच्या तुकडीत मैदानावरील सराव आहे का, हे विचारून मगच पैसे भरावेत.