धर्मगुरूंवरील आरोपांच्या काळातील श्रद्धा : नाशिकमधील एका तपसाधनेचे परीक्षण

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात नाशिकमध्ये कॅथोलिक ख्रिस्ती भाविकांच्या तपसाधना, म्हणजे प्रार्थना व प्रवचनांची शिबिरे, दरवर्षी होतात; परंतु धर्मगुरूंवरील गैरवर्तनाच्या आरोपांमुळे ज्यांचे मन डळमळले आहे अशा भाविकांसाठी म्हणून उघडपणे जाहीर केलेली तपसाधना निदान माझ्या पाहण्यात याआधी आली नव्हती. शहरालगतच्या एका साधनाकेंद्रात ती दिवसभर चालली. सहभागी झालेल्यांपैकी काहींनी स्वतःवर गुदरलेले प्रसंग तेथे सांगितले, म्हणून केंद्राचे आणि मार्गदर्शकांचे नाव येथे देत नाही. शुल्क माफक होते, जेवण साधे आणि वेळेवर मिळाले. ध्वनिक्षेपक मात्र मागच्या रांगांपर्यंत नीट पोहोचत नव्हता. व्यवस्थेविषयी याहून अधिक सांगण्यासारखे नाही.

पहिल्या सत्राची सुरुवात समर्थनाने झाली नाही, हे मला महत्त्वाचे वाटले. मार्गदर्शक फादरांनी २००२ मध्ये अमेरिकेतील बोस्टनच्या वृत्तपत्राने उघडकीस आणलेली, धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या अत्याचारांची प्रकरणे सांगितली आणि फ्रान्समधील स्वतंत्र आयोगाचा २०२१ चा अहवालही मांडला, ज्यात १९५० पासून धर्मगुरू व धर्मसंघांतील व्रतस्थांकडून अत्याचार झालेल्या अल्पवयीनांची संख्या सुमारे २ लाख १६ हजार असल्याचा अंदाज आहे. ‘हे तिकडचे’ अशी सुटका करून घेण्याची सोय त्यांनी ठेवली नाही. केरळमध्ये एका धर्मभगिनीच्या तक्रारीवरून २०१८ मध्ये एका बिशपांना अटक झाली आणि २०२२ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले, हेही त्यांनी सांगितले. आरोप म्हणजे सिद्ध झालेला गुन्हा नव्हे, परंतु आरोप करणारी व्यक्ती म्हणजे चर्चची शत्रूही नव्हे, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच श्वासात मांडल्या. त्यानंतर वाचले गेले ते बायबलमधील यहेज्केलच्या ग्रंथाच्या ३४ व्या अध्यायातील, कळपाऐवजी स्वतःलाच पोसणाऱ्या मेंढपाळांविषयीचे कठोर शब्द. असे वाचन ऐकल्यावर संताप आणि भक्ती एका मनात राहू शकतात, हे निराळे पटवून द्यावे लागत नाही.

दुसरे सत्र चौथ्या-पाचव्या शतकातील बिशप संत ऑगस्टीन यांच्या भूमिकेवर होते. रोमन सत्तेने केलेल्या ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळात कच खाल्लेल्या धर्माधिकाऱ्यांनी दिलेले संस्कार निष्फळ ठरतात, असे उत्तर आफ्रिकेतील डोनाटसपंथीय म्हणत. ऑगस्टीन यांनी उत्तर दिले की संस्कार ख्रिस्ताचा आहे, देणाऱ्याच्या पावित्र्यावर तो अवलंबून नाही. ज्यांच्या मुलाचा बाप्तिस्मा किंवा स्वतःचा विवाह पुढे आरोपी ठरलेल्या फादरांच्या हातून झाला, त्यांना या विवेचनाने खरा दिलासा मिळतो. तथापि हीच शिकवण पदाधिकाऱ्याला पाठीशी घालण्यासाठी ढालीसारखी वापरली जाऊ शकते, हा धोका वक्त्यांनी ओझरता उल्लेखून सोडून दिला. शिवाय संस्थेपासून दूर जाऊनही ख्रिस्तावरील निष्ठा टिकवता येते काय, हा अनेकांच्या मनातला प्रश्न अस्पर्शितच राहिला. नाशिक जिल्ह्याशी ज्यांचे निकटचे नाते होते त्या ख्रिस्ती मराठी कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा स्थापला. त्यामागे गैरवर्तनाचे कारण नव्हते, परंतु या सत्रात त्यांची आठवण निघायला हवी होती.

दिवसातील सर्वोत्तम भाग एका महिला वकिलांचा होता. त्यांनी सांगितले की बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. त्याच्या कलम १९ नुसार बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि हाताखालच्या व्यक्तीने केलेला गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. अंतर्गत चौकशी पूर्ण होईपर्यंत थांबण्याची मुभा कायदा देत नाही, हे त्यांनी समोर बसलेल्या धर्मगुरूंकडे पाहून सांगितले. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेल्या आणि २०२३ मध्ये कायम केलेल्या नियमांनुसार प्रत्येक धर्मप्रांतात, म्हणजे बिशपांच्या अधिकारातील विभागात, तक्रार स्वीकारण्याची सोय असली पाहिजे, हेही त्यांच्याकडूनच कळले. बालकांसाठीचा १०९८ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक त्यांनी फळ्यावर लिहिला आणि तो दिवसभर पुसू दिला नाही.

दुपारनंतर मात्र घसरण झाली. प्रश्नपेटीत आपल्याच धर्मप्रांतातील तक्रार समितीवर कोण आहे, त्यात स्त्रिया व सामान्य भाविक किती आहेत, असे विचारणाऱ्या चिठ्ठ्या होत्या. त्यांना ‘आपण प्रार्थना करू या’ एवढेच उत्तर मिळाले. त्यापाठोपाठ क्षमेवरील प्रवचन झाले. क्षमा ही ख्रिस्ती जीवनाचा कणा आहे यात शंका नाही, पण तक्रार कोठे करायची हे सांगण्याआधी पीडिताने क्षमा करावी अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे त्याच्यावरच भार टाकणे होय. प्रायश्चित्त संस्कारासाठी, म्हणजे पापांच्या कबुलीसाठी, बंद खोलीत एकट्याने फादरांसमोर बसण्याची व्यवस्था होती. नेमके त्याच गोष्टीचे भय बाळगून आलेल्यांसाठी दृष्टीच्या टप्प्यातील मोकळी जागा किंवा एखाद्या प्रशिक्षित समुपदेशिकेची सोबत ठेवणे अवघड नव्हते.

ज्यांना स्वतः इजा झालेली नाही, परंतु बातम्यांनी मिस्सेला, म्हणजे चर्चमधील उपासनेला, जाणे जड झाले आहे, त्यांनी ही तपसाधना अवश्य करावी; सकाळच्या सत्रांसाठी तरी नक्कीच. ज्यांची तक्रार प्रत्यक्ष चालू आहे त्यांनी सोबतीला विश्वासू व्यक्ती घ्यावी आणि दुपारच्या जेवणानंतर निघावे. आयोजकांनी पुढच्या वेळी वकिलांचे सत्र शेवटी ठेवावे आणि समितीच्या सदस्यांची नावे व संपर्क असलेला कागद नोंदणीच्या टेबलावरच प्रत्येकाच्या हाती द्यावा.