‘मावशी, पाटल्या काढून ठेवा, पुढे तपासणी चालू आहे’

गेल्या सोमवारी सकाळी पुण्यात कोथरूडच्या मृत्युंजयेश्वराचं दर्शन घेऊन मी मयूर कॉलनीकडे चालत निघाले होते. साडेदहाची वेळ. माझं वय ६४. हातात आईच्या चार तोळ्यांच्या पाटल्या आणि गळ्यात मंगळसूत्र होतं. दहा मिनिटांत पाटल्या गेल्या. कुणी हिसकावल्या नाहीत. मीच माझ्या हातांनी काढून दिल्या, आणि कसं दिलं हे तुम्हाला नीट कळावं म्हणून सगळं सांगते आहे.

मागून आवाज आला, “ओ मावशी, थांबा! केव्हाच्या हाका मारतोय, ऐकू येत नाही का?” बारीक कापलेले केस, इस्त्रीचा शर्ट, पायात तपकिरी बूट. पोलीस असल्यासारखं खिशातून कार्ड काढलं आणि मी चष्मा सावरेपर्यंत परत ठेवलंही. झाडाखाली मोटरसायकलवर दुसरा बसला होता. “साहेब बोलावताहेत.” आपलं काहीतरी चुकलं म्हणून हे रागावताहेत, एवढंच माझ्या मनात आलं. त्या ओरडण्यानेच मी अर्धी खचले होते.

साहेब मात्र अगदी मायेने बोलले. काल रात्री पुढच्या गल्लीत एका बाईला भोसकून दागिने नेले म्हणे, त्यामुळे तपासणी चालू आहे. “एवढं सोनं घालून कशाला फिरता मावशी? काढून पिशवीत ठेवा.” मी म्हटलं, घर जवळच आहे, तशीच जाते. इथवर मी ठाम होते, हे मला आजही आठवतं.

तेवढ्यात समोरून एक तरुण चालत आला. गळ्यात साखळी, बोटात अंगठी. त्याला थांबवून चांगलं झापलं. त्याने निमूटपणे दोन्ही काढून दिलं, साहेबांनी कागदात पुडी बांधून त्याच्या हातात ठेवली, तो “थँक्यू साहेब” म्हणून चालू लागला. माझी शंका तिथे संपली. शिकलासवरलेला मुलगा ऐकतो आहे, मग मी कोण हट्ट करणार? तो तिसरा त्यांच्यातलाच होता हे मला पोलीस ठाण्यात समजलं. हेच या फसवणुकीचं मर्म आहे. कार्ड, बूट, मोटरसायकल यांच्यावर आपण एकवेळ संशय घेऊ, पण आपल्या आधी निमूट ऐकणाऱ्या माणसावर संशय घ्यायचं आपल्या मनातही येत नाही.

पाटल्या घट्ट होत्या, निघेनात. साहेबांनी माझं कोपर धरलं, “सावकाश मावशी, लागेल.” त्या शब्दांची मला अजून रात्री आठवण होते. मंगळसूत्र काढायला मी नाही म्हटलं, तर लगेच म्हणाले, “राहू द्या, वरून पदर घ्या.” पाटल्या माझ्या डोळ्यांसमोर कागदात बांधल्या, पुडीला रुमालाची गाठ मारली आणि ती माझ्या पिशवीत तळाशी, प्रसादाच्या नारळाखाली त्यांनीच ठेवली. “रस्त्यात उघडू नका हं, कुणी बघेल. घरी जाऊनच काढा.” हे वाक्य म्हणजे त्यांना पळायला मिळालेला वेळ.

घरी येऊन गाठ सोडली. आत खडीचे चार खडे होते.

त्यानंतर मी जे केलं ते पाटल्या देण्याइतकंच चुकलं. मी कुणालाच फोन केला नाही. दुपारी एकपर्यंत स्वयंपाकघरात बसून राहिले. मुलाला काय सांगू, सून काय म्हणेल, एवढंच डोक्यात. सूनबाई आल्यावर ती मला तशीच रिक्षात घालून ठाण्यात घेऊन गेली, तेव्हा दोन वाजले होते. तिथल्या अंमलदारांनी पहिलं हेच विचारलं, तिथूनच पोलीस मदतीच्या ११२ नंबरवर फोन का केला नाहीत? साडेतीन तासांत मोटरसायकल कुठल्या कुठे जाते. एका दुकानाच्या कॅमेऱ्यात ती दिसली, नंबर वाचता येत नाही. असं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून तक्रारीला एक दिवसाचाही उशीर नको.

फिर्याद घेतली, प्रत हातात मिळाली. ती फुकट द्यावीच लागते आणि हद्द कुठलीही असली तरी कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, हे मला त्या दिवशी कळलं. पोलीस असल्याचं सोंग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, फसवणुकीचा त्याशिवाय वेगळा. नंतर विचारलं, पाटल्यांचं बिल? आईच्या पाटल्या, बिल कुठून असणार! शेवटी भाचीच्या लग्नातला एक फोटो सापडला, त्यात माझे दोन्ही हात स्वच्छ दिसतात. तो लावला. तुम्ही आजच घरातल्या दागिन्यांचे फोटो काढा, सराफाकडून वजन लिहून घ्या. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो, तोही वहीत उतरवून ठेवा. माल सापडला तरी तो आपलाच आहे हे दाखवावं लागतं.

पोलीस रस्त्यात कुणाला दागिने काढायला सांगत नाहीत, पुडी बांधून देत नाहीत. खरोखर काही जप्त करायचं असेल तर यादी होते, तिच्यावर साक्षीदारांच्या सह्या होतात, आणि १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात त्याचं चित्रीकरणही करावं लागतं. म्हणून असं कुणी थांबवलं तर वाद घालत उभ्या राहू नका. जवळच्या दुकानात शिरा, “मी इथून ११२ ला विचारते” असं मोठ्याने म्हणा. खरा पोलीस असेल तर त्याला यात रागवण्यासारखं काही नाही.

सोसायटीत बातमी पसरल्यावर दोघीतिघींनी मला विचारलं, “एवढं सोनं घालून कशाला गेलात?” वाईट वाटलं. अगदी हेच वाक्य झाडाखालच्या त्या माणसाने म्हटलं होतं. कृपा करून फसलेल्या माणसाला हा प्रश्न विचारू नका. या प्रश्नाच्या भीतीनेच मी दोन-अडीच तास गप्प बसले होते.

काल संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकू वर आल्या. दार लावून घेतलं आणि सांगितलं, दोन वर्षांपूर्वी त्यांची साखळी अशीच गेली. तसाच साहेब, तसाच ऐकणारा तरुण, तशीच पुडी. त्यांनी काकांनासुद्धा सांगितलं नव्हतं, साखळी बसमध्ये पडली म्हणाल्या होत्या. बोलता बोलता त्या माझ्या रिकाम्या मनगटावरून हात फिरवत होत्या.

उद्या सकाळी मी त्यांना घेऊन ठाण्यात जाते आहे. काकांना त्यांनी रात्रीच सांगितलं. साखळीचं बिल त्यांच्याकडे अजून आहे.