फॅब्रिक कलरचा सेट: सगळे रंग टिकले, पांढऱ्याने मात्र छळलं

काळ्या कुर्त्यावर काढलेली पांढरी फुलं काही धुण्यांतच राखाडी पडली, म्हणून हे लिहायला बसले. याच सेटमधल्या रंगांनी मी जुन्या जीन्स, विटलेले शर्ट, एक ओढणी आणि उशांचे अभ्रे रंगवले. ते सगळं आजही छान आहे. तक्रार एकट्या पांढऱ्या बाटलीची आहे आणि ती सविस्तर करणार आहे, कारण गडद कपडा रंगवणाऱ्या प्रत्येकाची गाठ आधी याच बाटलीशी पडते.

सेटच्या खोक्यावर काळ्या कापडावर ठसठशीत पांढरं फूल छापलेलं आहे. ते बघूनच मी तो घेतला. घरी एक हात मारला तर दुधाळ धुरकट पट्टा उमटला. वाळल्यावर दुसरा हात दिला, मग तिसरा. तेव्हा कुठे फूल पांढरं दिसलं, पण तोवर पाकळ्या पुठ्ठ्यासारख्या कडक झाल्या होत्या. कंपनीला फोटो पाठवले. आधी उत्तर आलं की रंग नीट वाळू दिला नसेल. मी पुन्हा लिहिलं की पूर्ण दिवस वाळवून उलट्या बाजूने इस्त्रीही केली आहे. त्यावर सांगितलं, गडद कपड्यांसाठी आमचा वेगळा अपारदर्शक पांढरा घ्या. मग खोक्यावर काळं कापड का छापलं? याचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि हा राग माझ्या मनातून गेलेला नाही. जुना कपडा वाचवून पैसे वाचवायला निघालेल्या माणसाला दुसरी बाटली घ्यायला लावणं मला पटत नाही.

पण मधल्या काळात या रंगाबद्दल बरंच कळलं आणि मत थोडं बदललं. पांढऱ्याला झाकण्याची ताकद टायटॅनियम डायऑक्साइड या भुकटीमुळे येते. ती पाण्याच्या चौपट जड असते, त्यामुळे बाटली उभी राहिली की तळाशी बसते आणि वर उरतं ते पातळ दुधाळ पाणी. मी वापरलेला पहिला थर बहुधा तोच होता, कारण बाटली हलवून घ्या असं खोक्यावर कुठेच लिहिलेलं नाही. आता मी बाटली आदल्या रात्री उलटी ठेवते आणि काम सुरू करण्याआधी काडीने तळापर्यंत ढवळून घेते. फरक डोळ्यांना दिसतो. तरीही निव्वळ काळ्यावर तो पुरेसा पांढरा होत नाही. करड्या किंवा फिकट निळ्या कापडावर मात्र व्यवस्थित चालतो.

शेवटी चिडूनच वेगळा अपारदर्शक पांढरा घेतला. त्याचे दोन पातळ थर पुरतात. आणि मग लक्षात आलं की याच पांढऱ्याचा अस्तर म्हणून उपयोग होतो. गडद जीन्सवर आधी पांढरा आकार भरायचा, वाळू द्यायचा आणि त्यावर पिवळा किंवा लाल लावायचा. नुसता पिवळा गडद निळ्या कापडात बुडून जातो, अस्तरावर तो उजळतो. पिवळ्यावर आधी माझा फार राग होता, तो रंग बिचारा निर्दोष निघाला.

बाकी रंगांबद्दल मी मनापासून चांगलं बोलेन. माझ्या एका जीन्सवर ब्लीच उडून फिके ठिपके पडले होते. कपडा नीट धुऊन वाळवला आणि प्रत्येक ठिपक्याचं पान केलं. ठिपके जिथे पडले तिथेच वेल गेली, त्यामुळे नक्षी ठरवण्याची चिंताच नव्हती. ती जीन्स मी नियमित वापरते आणि पानांचा रंग जसाच्या तसा आहे. जुनं सुती कापड या कामाला नव्यापेक्षा सरस ठरतं, कारण नव्या कापडावर असते ती खळ त्यातून धुवून धुवून गेलेली असते आणि रंग धाग्यात नीट मुरतो. फक्त रंगवण्याआधीच्या धुण्यात कपडे मऊ करणारं द्रावण घालू नका. त्याचा थर धाग्यावर राहतो आणि रंग वरवर बसतो.

पाणी घालून रंग वाढवायचा मोह मला सतत होतो, काटकसरीची सवयच तशी. पण रंग कापडाला धरून ठेवणारा ॲक्रिलिक चिकट घटक पाण्याने पातळ होतो, आणि असा रंग धुण्यात निघतो. पातळ करायचंच तर फॅब्रिक मिडियम, म्हणजे कापडाच्या रंगात मिसळायचं खास द्रावण, घालावं. त्याने रंग मऊही राहतो. पांढऱ्याचा कडकपणा मी त्यामुळेच कमी करू शकले.

विणीच्या टी-शर्टवर मात्र मोठे भरीव आकार करू नका. अंगात घालताना कापड ताणतं आणि जाड थराला भेगा पडतात. तिथे बारीक रेषा, ठिपके, तुटक पानं हे जास्त टिकतं. रंगवताना आत पुठ्ठा घाला, नाहीतर पुढचा रंग पाठीवर उतरतो. निव्वळ पॉलिएस्टरवर रंग नीट पकड घेत नाही, तो नाद सोडलेला बरा. इस्त्री वाफेविना, आणि पहिलं धुणं निदान 24 तासांनंतर. मी 72 तास थांबते. कपडा उलटा करून थंड पाण्यात धुवावा, ब्रशने घासू नये.

काळा कुर्ता फेकलेला नाही. राखाडी पाकळ्यांवर नव्या पांढऱ्याचा एकच पातळ थर दिला आणि कडेने गडद पिवळी रेष ओढली. आता तो घालता येतो, पण तीन थरांमुळे पुढचा भाग अजून ताठ आहे आणि बसल्यावर तिथे घडी पडते. नवा सेट घेणार असाल तर रंगांची छोटी बाटली पुरेल. अपारदर्शक पांढरा मात्र सुरुवातीलाच, मोठ्या बाटलीत घ्या.