.२२ छर्ऱ्यांची काडतुसे: कोठारात उपयोगी, सापापुढे अपुरी

टेक्ससच्या हिल कंट्री भागात आमची थोडी जमीन आहे. तिच्यावर पत्र्याचे कोठार, कोंबड्यांचे खुराडे आणि शेळ्यांच्या खाद्याची एक खोली आहे, आणि जिथे धान्य तिथे उंदीर हे ओघाने आलेच. सापळे लावूनही जे उंदीर उरतात, त्यांच्यासाठी गेले काही महिने मी .२२ रिमफायरची (सुमारे ०.२२ इंच व्यासाच्या नळीची, ठिणगीची दारू बुडाच्या कडेत असलेली) छर्ऱ्यांची काडतुसे वापरत आहे. इथले लोक त्यांना ‘रॅटशॉट’ म्हणतात आणि काहीजण ‘स्नेकशॉट’ही म्हणतात. पहिले नाव त्यांना शोभते, दुसरे फारसे शोभत नाही, असे माझे मत झाले आहे.

नेहमीच्या .२२ काडतुसात साधारण ४० ग्रेन (सुमारे २.६ ग्रॅम) वजनाची एकच गोळी असते. या काडतुसात तिच्या जागी १२ नंबरचे शिशाचे बारीक छर्रे भरलेले असतात. मी अधिक वापरलेल्या प्रकारच्या डबीवर ३१ ग्रेन, म्हणजे सुमारे २ ग्रॅम छर्रे आणि सेकंदाला १००० फूट वेग असे आकडे छापलेले आहेत. एका छर्ऱ्याचा व्यास जेमतेम १.२७ मिलिमीटर असल्यामुळे एवढ्या वजनात दीडशेहून अधिक छर्रे मावतात. संख्या ऐकायला मोठी वाटते, परंतु हिशेब केला तर नळीतून बाहेर पडताना एकेका छर्ऱ्याच्या वाट्याला अर्ध्या ज्यूलच्या आसपास ऊर्जा येते, आणि इतका हलका कण हवेत फार लवकर मंदावतो. शॉटगनच्या, म्हणजे मोठ्या नळीच्या छर्ऱ्यांच्या बंदुकीच्या, बारा बोअरच्या साध्या काडतुसात एक औंस, म्हणजे ४३७ ग्रेन छर्रे असतात. हे प्रमाण लक्षात घेतले, तर या काडतुसाकडून शॉटगनची अपेक्षा का ठेवू नये हे वेगळे सांगावे लागत नाही.

मूळ अडचण मात्र काडतुसात नसून नळीत आहे. रायफल किंवा रिव्हॉल्व्हरच्या नळीत गोळीला गिरकी देण्यासाठी आटे पाडलेले असतात. ते छर्ऱ्यांच्या पुंजक्यालाही गिरकी देतात, त्यामुळे नळीबाहेर येताच छर्रे बाजूला फेकले जातात आणि मध्यभाग विरळ राहतो. कागद लावून पाहिले तेव्हा तीन मीटरवर जेवणाच्या ताटाएवढे वर्तुळ उमटले, परंतु नेम धरलेल्या ठिकाणीच छर्रे कमी आणि कडेला जास्त, असे चित्र वारंवार दिसले. आटे नसलेल्या गुळगुळीत नळीतून हेच काडतूस बरेच चांगले चालते. अमेरिकेत पूर्वी हवेत उडवलेल्या लहान चकत्यांवर नेमबाजी करण्यासाठी ‘रूटलेज बोअर’ या नावाच्या, तोंडाकडे रुंद होणाऱ्या गुळगुळीत नळ्यांच्या .२२ बंदुका निघत असत, आणि आजही हेन्री कंपनीची ‘गार्डन गन’ गुळगुळीत नळीचीच असते. युरोपात याच कामासाठी ९ मिलिमीटर फ्लोबेर हे थोडे मोठे रिमफायर काडतूस बागेतील बंदुकांमध्ये वापरले जाई. मग गुळगुळीत नळीचे पिस्तूलच का घेऊ नये, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टमध्ये आहे: असे पिस्तूल संघराज्य सरकारकडे रीतसर नोंदवावे लागते, आणि चार उंदरांसाठी तो खटाटोप कोणी करणार नाही.

कोठारात मात्र या काडतुसाचा दुबळेपणा हाच त्याचा गुण ठरतो. साधी .२२ गोळी पत्रा भेदून पलीकडे मैलभर जाऊ शकते, तिथे शेजाऱ्याची गुरे असू शकतात, त्यामुळे ती आत झाडणे हा निव्वळ अविचार होय. हे छर्रे काही मीटरवरून पत्र्याला लागले तर फार तर बारीक पोचे पडतात. दोन-अडीच मीटरपर्यंत उंदीर जागीच मरतो. चार मीटरच्या पुढे तो बहुधा जखमी होऊन पोत्यांमागे शिरतो, आणि जनावराला असे अर्धमेले सोडणे मला मान्य नसल्यामुळे त्या अंतरावर मी बार टाकतच नाही. घूस किंवा खार यांच्यासाठी हे काडतूस अजिबात पुरेसे नाही. विजेच्या तारा, प्लास्टिकचे नळ आणि खिडकीच्या काचा मात्र या छर्ऱ्यांपासूनही जपाव्या लागतात, आणि काँक्रीटवर आपटलेले छर्रे उलट अंगावर येतात, म्हणून डोळ्यांना चष्मा हवाच. पत्र्याच्या चार भिंतींत आवाज कानठळ्या बसवणारा होतो, तेव्हा कानांवर संरक्षकही हवेत.

इकडे काहीजण लाकडी वाशांना भोके पाडणाऱ्या सुतारभुंग्यांवरही ही काडतुसे उडवतात. तो प्रकार मला पोरखेळ वाटतो. लाकडाला रंग दिला की भुंगे बरेच कमी होतात, शिवाय ते परागीभवन करणारे कीटक आहेत.

आता सापांविषयी. आमच्या भागात वेस्टर्न डायमंडबॅक रॅटलस्नेक आणि कॉपरहेड यांसारखे विषारी साप आढळतात. या काडतुसाचा भरवशाने उपयोग व्हायचा तर तुम्हाला सापाच्या दोन-तीन मीटर जवळ जावे लागते, आणि इतक्या जवळ जाऊ शकणारा माणूस तितक्याच सहज मागेही येऊ शकतो. अंगणात लहान मुले असताना दाराशी रॅटलस्नेक बसला, तर गोष्ट वेगळी. एरवी साप मारण्याच्या नादातच दंश होण्याची शक्यता वाढते. बिनविषारी रॅट स्नेकला मारणे तर स्वतःचेच नुकसान करणे आहे, कारण मी ज्या कामासाठी डबी विकत घेतो ते काम तो फुकट करतो. महाराष्ट्रातील वाचकांसाठी तर हा विषयच गैरलागू आहे: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिथल्या बहुतेक सापांना संरक्षण दिलेले आहे, आणि सर्पमित्राला बोलावणे हा बंदुकीपेक्षा कितीतरी चांगला उपाय तिथे उपलब्ध आहे.

ही काडतुसे दोन प्रकारची मिळतात. एकात छर्रे प्लास्टिकच्या टोपीत असतात, तर दुसऱ्यात पितळी कवचाचेच तोंड चुण्या घालून मिटलेले असते. रिव्हॉल्व्हरमध्ये दोन्ही चालतात, परंतु चुणीच्या प्रकारात बार झाल्यावर तोंड उलगडते आणि रिकामे कवच कधीकधी घट्ट बसते. अर्धस्वयंचलित रायफलमध्ये माझा अनुभव वाईट आहे: चुणीचे काडतूस यंत्रणा पूर्ण मागे ढकलू शकत नाही, आणि प्लास्टिकची टोपी मॅगझिनमधून नळीत चढताना चेपली तर छर्रे यंत्रणेत सांडतात. एकदा ते सांडले की अख्खी रायफल उघडून साफ करण्यावाचून गत्यंतर नसते. खिशात सुटी ठेवलेली काडतुसेही तडकतात, म्हणून ती मूळ डबीतच ठेवावीत. नळीत शिसे आणि प्लास्टिकचा थर बसतो, त्यामुळे साधी गोळी झाडण्यापूर्वी काशाचा ब्रश फिरवणे इष्ट. नळीला सायलेन्सर लावला असेल तर ही काडतुसे मुळीच वापरू नयेत.

किमतीचा विचार केला तर एक काडतूस साध्या .२२ च्या कितीतरी पट महाग पडते, आणि डबीत बहुधा २०च असतात. रिमफायर असल्यामुळे रिकामी कवचे घरी पुन्हा भरताही येत नाहीत. एकट्या उंदरावर शांतपणे नेम धरता येत असेल, तर चांगली एअर रायफल अधिक अचूक आणि फार स्वस्त पडते. धावत्या उंदरासाठीच काय तो छर्ऱ्यांचा फायदा.

शेवटचा मुद्दा शिशाचा. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून वन्यप्राण्यांवर शिशाचा दारूगोळा वापरण्यास पूर्ण बंदी आहे. टेक्ससमध्ये तशी बंदी नसली, तरी छर्रे लागलेला उंदीर एखाद्या पक्ष्याने किंवा मांजराने खाल्ला तर शिसे त्याच्या पोटात जाते. आमच्या कोठाराच्या आढ्यावर गव्हाणी घुबडाची जोडी राहते, म्हणून मेलेला प्रत्येक उंदीर मी त्याच संध्याकाळी खोल पुरतो, आणि जो सापडत नाही तो पोती हलवून शोधून काढतो.